आईची शांतिनिकेतनी पर्स, मावशीची कोच: जुन्या चामडी बॅगा घरी दुरुस्त करताना

रानजाई

सत्तर-ऐंशीच्या दशकात घरातलं कुणी कोलकात्याला जाऊन आलं असेल, तर कपाटात शांतिनिकेतनची एखादी पर्स असतेच. तपकिरी-तांबूस रंग, वर उठावाची कमळं नाहीतर अल्पनेची, म्हणजे बंगाली रांगोळीची, वेलबुट्टी, कडेने चामड्याची बारीक वादी ओवलेली, झाकणाला टिचबटण. घराची आवराआवर निघते, ती पर्स हाताला लागते आणि मग कुणी ती ओल्या फडक्याने पुसतं, कुणी गच्चीत उन्हात टाकतं, कुणी वाटी घेऊन खोबरेल तेल चोळायला बसतं. चाळीस वर्षं कपाटात पडून झालं नसेल एवढं नुकसान त्या एका दुपारी होतं. ते थांबावं म्हणून हा चर्चेचा धागा काढते आहे.

मी बरीच वर्षं घरच्या आणि ओळखीतल्यांच्या जुन्या पर्स दुरुस्त करते. माझं मत आधीच सांगते. चामडं पुन्हा तरुण होत नाही. त्याचे तंतू एकदा सुकून तुटले की कुठलंही क्रीम ते जोडत नाही, बाटलीवर काहीही छापलेलं असो. दोरा, वादी, अस्तर, चेन, बटण, पट्टा हे सगळं मात्र नव्याने करता येतं. तेव्हा मेहनत घ्यायची ती इथे, आणि चामड्यावर कमीत कमी प्रयोग करायचे.

सुरुवात चामडं ओळखण्यापासून. अस्तर उसवलंय किंवा कड फाटलीय तिथून आत बघा. मागे विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झिन. तंतू दिसले तर चामडं. कापलेली कड आरपार तपकिरी असेल तर बहुधा झाडांच्या साली-फळांत कमावलेलं. मधोमध निळसर करडी रेघ असेल तर क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेलं. क्रोमचं चामडं आतपर्यंत रंगवलेलं असेल तर ही खूण चालत नाही, हेही लक्षात ठेवा. मग झाकणाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पाण्याचा एक बारीक थेंब टेकवा. लगेच जिरून जागा गडद झाली तर वर लेप नाही. थेंब तसाच राहिला तर वर रंगाचा किंवा लाखेचा थर आहे. आणि बोटाला विटेसारखी लालसर पूड लागली तर थेंबसुद्धा टेकवू नका, पर्स खाली ठेवा आणि इथे विचारा.

आता शांतिनिकेतनीबद्दल. शांतिनिकेतनशेजारचं ग्रामविकासाचं केंद्र श्रीनिकेतन १९२२ चं. तिथल्या शिल्पसदनात हे चर्मकाम रुजलं, आणि ते रुजवण्यात रवींद्रनाथांचे चिरंजीव रथींद्रनाथ ठाकूर आणि सून प्रतिमादेवी यांचा मोठा वाटा आहे. शांतिनिकेतनच्या चर्मवस्तूंना आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. कातडं बहुतेक शेळी-मेंढीचं, वनस्पतींच्या अर्कात कमावलेलं, जाडीला जेमतेम मिलिमीटरभर. ते ओलसर करून त्यावर नक्षी दाबून उठवतात, मग स्पिरिटमध्ये कालवलेले रंग ब्रशने आणि कापसाच्या बोळ्याने भरतात. काही कामांत बाटिकच्या भेगाही आणतात. हे कसं केलंय ते कळलं की काय करू नये हे आपोआप कळतं. पाणी मुरलं तर दाबलेली नक्षी फुगून सपाट होते. स्पिरिट लागलं तर रंग वाहतो. तेल लागलं तर फिकट रंग कायमचे काळवंडतात. सॅनिटायझर म्हणजे स्पिरिटच. करोनाच्या काळात फवारलेल्या सॅनिटायझरचे डाग घेऊन पर्स येतात, ते डाग निघत नाहीत, आणि मी काढायचा प्रयत्नही करत नाही.

सफाई कोरडीच करायची. पर्स रिकामी करून उलटी झटकावी, दाढीच्या मऊ ब्रशने नक्षीतली आणि वादीच्या फटींतली धूळ काढावी. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तोंडाला मलमल बांधून आतून फिरवावा. हाताच्या मळाने काळी पडलेली जागा असेल तर पांढरं खोडरबर किसणीवर किसून तो चुरा बोटाने हलकेच फिरवावा. एवढं केल्यावर थांबायचं. इथे थांबणं सर्वांत कठीण जातं, कारण हाताला काम मिळालेलं असतं आणि फरक दिसायला लागलेला असतो.

साबण, खायचा सोडा, व्हिनेगर यांपैकी काही नको. चामड्याचा सामू (pH) साधारण ३.५ ते ५ असतो, म्हणजे ते स्वभावाने आम्ल. साबण ९-१० च्या घरातला. एकदा पुसून आकाश कोसळत नाही, पण अल्कली आत राहिली तर कमावण्याच्या वेळी तंतूंना धरून बसलेली द्रव्यं सुटायला लागतात. व्हिनेगर उलट्या टोकाचं, तेही आधीच झिजलेल्या चामड्याला नको.

ऊन आणि हेअर ड्रायर का नको, हे तर फारच कमी लोकांना माहीत असतं. ओलं चामडं ठरावीक तापमानाला एकदम आकसतं आणि परत ताणलं जात नाही. वनस्पतीत कमावलेल्या नव्या चामड्यात हे साधारण ७० ते ८५ अंशांना होतं. जुन्या, झिजलेल्या चामड्यात तो आकडा ४०-५० पर्यंत खाली येतो. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत ओलसर पर्स राहिली तर काय होईल ते यावरून कळेल.

खोबरेल तेलावर स्वतंत्र लिहिते, कारण सगळ्यात जास्त वाद त्यावरच होतो. हे तेल २४-२५ अंशांना गोठतं. थंडीत ते चामड्यात घट्ट होऊन पांढरट दिसतं, उन्हाळ्यात पाझरून अस्तराला आणि साडीला लागतं. धूळ धरून ठेवतं, चिकटवलेले जोड सैल करतं. जवसाचं तेल त्याहून वाईट, ते हवेत सुकून कडक होतं आणि पुढे त्या जागी तडा जातो. ज्या बॅगेचं चामडं जाड आहे, लवचीक आहे आणि जिच्यावर रंगकाम नाही, तिच्या पट्ट्याला मधमाश्यांचं मेण आणि लॅनोलिन (लोकरीतली चरबी) असलेलं रंगहीन क्रीम, फडक्यावर मुगाएवढं घेऊन, मी लावते. एक दिवस थांबते. चामड्याने ते घेतलं असेल तर पुढे जाते.

दोन गोष्टींवर हाताने काम केलेल्यांकडून ऐकायचं आहे: झिजलेली वादी कशी बदलता, आणि आतून चिकट झालेल्या अस्तराचं काय करता?

तळकोकण

चांगला धागा. आमच्याकडे सावंतवाडीत जून ते सप्टेंबर प्रश्न एकच, बुरशी. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली की ती धरतेच, आणि इथे पावसाळ्यात ८५-९० नेहमीचीच.

आधी बुरशीच आहे ना ते बघा. पांढरं दिसलं की बुरशी असं नसतं. चामड्यातली चरबी वर येऊनही पांढरा थर बसतो, तो एकसारखा पसरलेला असतो, बोटाची ऊब लागली की विरघळतो आणि त्याला कुबट वास नसतो. बुरशी ठिपक्याठिपक्यांनी येते, भिंगातून लव दिसते, वास लगेच कळतो.

बुरशी असेल तर पर्स घराबाहेर न्या. तोंडाला एन-९५ मास्क, मऊ ब्रश, आणि घरापासून लांबच्या दिशेने झटकणं. ओलं फडकं मुळीच नको, त्याने बुरशीचं बी चामड्यात चोळलं जातं. मग सावलीत, पंख्याखाली, झाकण उघडं ठेवून दोन-तीन दिवस. दमा असलेल्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावं.

ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, सुती उशीचा अभ्रा उत्तम. सोबत सिलिका जेल, पण ते ओलं झाल्यावर तापवून परत कोरडं करावं लागतं, हे विसरून लोक तीच पुडी वर्षानुवर्षं ठेवतात. डांबरगोळ्यांनी बुरशी जात नाही आणि त्यांचा वास चामड्यातून महिनोन्महिने निघत नाही. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, ते कपाटात ठेवा. आकडा समोर दिसला की माणूस वेळेवर हलतो.

मेणदोरा

आमचं घर कोल्हापूरचं, वडील आणि आजोबा दोघेही चपला बांधायचे. मी स्वतः आता बॅगा आणि पट्टे करतो. रानजाईताई, तेलाबद्दल तुम्ही लिहिलंय ते पर्सच्या बाबतीत बरोबर आहे. लोक तेल का लावतात तेही सांगतो. कोल्हापुरीचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, तळाला जाड, दणकट, रोज माती-पाणी झेलणारं. त्याला तेल पाजायचीच पद्धत आहे आणि ते तेल पचवतं. आपल्याकडे चामडं म्हटलं की पायातली वहाणच आठवते, म्हणून तीच रीत मिलिमीटरभर जाडीच्या शेळीच्या कातड्याला लावली जाते. रीत खोटी नाही, ती चुकीच्या जागी लावली जाते.

वादीविषयी. जुनी वादी एका ठिकाणी तुटली असेल तर सगळी उपसू नका. तुटलेल्या टोकापासून चार-पाच भोकं मागे या, तिथून नवी जोडा. वादीसाठी शेळीचं कातडं, रुंदी जुन्या वादीएवढीच, बहुतेक वेळा ३ मिलिमीटर. ती कापताना एकाच रुंदीची निघावी म्हणून फळीवर दोन खिळे ठोकून त्यांच्यामध्ये पातं बसवतात आणि कातडं ओढतात. जोडाच्या दोन्ही टोकांना रापीने (चामडं छिलायच्या पात्याने) मागून छिलून पातळ करा, तिरकी टोकं एकमेकांवर बसवा, सोल्यूशनचा (चपला चिकटवायच्या रबरी गोंदाचा) बारीक थर द्या, आणि तो जोड भोकाच्या आत लपेल असा घ्या. ओवायला वादीचं टोक टोकदार कापून त्याला मेण लावून सुकवलं की सुईची गरज पडत नाही.

सोल्यूशन लावण्यात घाई नको. दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, दहा-पंधरा मिनिटं सोडायचं, बोटाला चिकटेनासं झालं की जोडून दाबायचं. ओलं असतानाच दाबलं तर जोड धरत नाही. फेविक्विक चामड्यावर नको, ते काचेसारखं कडक होतं आणि वाकवताना बाजूचं चामडं फाडतं.

टाके उसवले असतील तर दोन सुयांची शिवण घाला. एकच दोरा, दोन्ही टोकांना सुई, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेला असतो, एक टाका झिजला की शेजारचे सुटत जातात. दोन सुयांच्या शिवणीत एक टाका गेला तरी बाकीचे जागेवर राहतात. दोरा शिवणीच्या लांबीच्या चौपट घ्या आणि मेणातून ओढून घ्या. आणि एक नियम पाळाच: जुन्या भोकांतूनच शिवायचं. आरी (चामड्याला भोक पाडायचा टोचा) भोक मोकळं करायला वापरा, नवं पाडायला नको. जुन्या चामड्यात दोन भोकांच्या मध्ये तिसरं पाडलं की ती कड टपाल तिकिटासारखी फाटते.

रानजाई

@मेणदोरा, दादा, खिळ्यांची युक्ती मला माहीत नव्हती, मनापासून आभार. दोऱ्याचं विचारते. जुन्या पर्सला पॉलिएस्टरचा दोरा चालेल का? तो चामड्याहून जास्त टिकतो, आणि ताण आला तर दोरा न तुटता चामडं कापलं जाईल अशी भीती वाटते.

मेणदोरा

भीती बरोबर आहे. पट्ट्याला, जिथे वजन येतं तिथे, चामडं धडधाकट असेल तर पॉलिएस्टर चालेल. बाकी पर्सला सुती किंवा लिननचा. काही वर्षांनी तुटला तर परत शिवता येतो. फाटलेलं चामडं परत शिवता येत नाही.

जर्सीकर

मी न्यू जर्सीत राहते. इथल्या जुन्या सामानाच्या दुकानांत कोच या अमेरिकी कंपनीच्या जुन्या बॅगा मिळतात आणि त्या घरी नव्यासारख्या करणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. कोच १९४१ मध्ये मॅनहॅटनमध्ये सुरू झालं. १९६० च्या दशकात बॉनी कॅशिन तिथे डिझाइन करायला आल्या, आणि त्या बॅगांवरचं पितळी फिरकीचं कुलूप त्यांना उघड्या गाडीच्या छताच्या खिट्टीवरून सुचलं. मावशीची तशी एक जुनी बॅग माझ्याकडे आहे, जाड गायीचं चामडं, आत अस्तर नाही.

इथले लोक या बॅगा सरळ कोमट पाण्यात बुडवतात. थोडा सौम्य साबण घालून आतून-बाहेरून धुतात, आत टॉवेल भरून आकार देतात, सावलीत कित्येक दिवस वाळवतात आणि किंचित ओलसर असतानाच क्रीम लावतात. धुतल्यावर पाण्याचा रंग चहासारखा येतो आणि पट्टा खरंच मऊ होतो. मीही केलंय, बॅग छान निघाली. म्हणून विचारते, इथे पाण्याला सगळे एवढे घाबरतात ते जास्त होत नाही का?

शिसवी

@जर्सीकर, मी वस्तुसंग्रहालयातल्या वस्तूंच्या जतनाचं शिक्षण घेतलं आहे, त्या बाजूने लिहिते. तुमची बॅग तरली याची कारणं तिच्या बांधणीत आहेत. चामडं जाड, रंग आरपार मुरलेला, आत अस्तर नाही, पुठ्ठा नाही. पाणी सगळीकडे सारखं जातं आणि सारखं निघतं. याच पद्धतीने अस्तराची, आत पुठ्ठा असलेली बॅग बुडवली तर पुठ्ठा लगदा होतो, गोंद सुटतो, चामडं आणि अस्तर वेगवेगळ्या मापाने आकसतात. शांतिनिकेतनी बुडवली तर काही उरत नाही. त्या एका प्रकारच्या बॅगेसाठी पद्धत चालते हे मी मान्य करते, पण संग्रहालयात आम्ही तीही करणार नाही. पाण्याबरोबर जे चहाच्या रंगाचं निघालं ते सगळंच मळ नव्हतं, त्यात रंग आणि चामड्यातली द्रव्यंही होती. दरवेळी थोडी जातात.

रानजाईंनी लालसर पुडीचा उल्लेख केला आहे, त्याबद्दल थोडं. त्याला रेड रॉट म्हणतात. वनस्पतीत कमावलेलं चामडं हवेतला सल्फर डायऑक्साइड शोषतं, त्याचं आत आम्ल होतं आणि तंतू पिठासारखे भुगा होत जातात. शहरात, रहदारीच्या रस्त्यालगत राहिलेल्या वस्तूंत हे जास्त दिसतं. हे उलटवता येत नाही. पाणी लागलं तर ती जागा काळी आणि कडक होते, तेही कायमचं. उपाय एवढाच की उरलेली पूड जागेवर धरून ठेवायची. त्यासाठी हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज अल्कोहोलमध्ये विरघळवून फार पातळ प्रमाणात लावतात. पण शांतिनिकेतनी रंग अल्कोहोलमध्ये वाहतात, म्हणून तिथे हा उपायही घरी करू नका. अशी पर्स मऊ, न छापलेल्या कागदात गुंडाळून खोक्यात ठेवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं जतन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल.

वर्तमानपत्राचे बोळे आत भरण्याची पद्धतही सोडा. शाई उतरते आणि कागद आम्ल असतो. धुऊन स्टार्च काढलेलं मांजरपाट भरा.

जर्सीकर

@शिसवी, समजलं. मावशीची बॅग आता परत पाण्यात जाणार नाही.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितेय. आईची नव्वदच्या दशकातली काळी बॅग आहे, बाहेरून चामडं अगदी चांगलं. आतलं अस्तर मात्र गोंदासारखं चिकट झालंय, रुमाल ठेवला तर काळे कण चिकटून येतात. टाल्कम पावडर टाकली की दोन दिवस बरं वाटतं. हे पुसून काढता येईल का? बॅग आईने तिच्या पहिल्या नोकरीत घेतली होती, टाकवत नाही.

रानजाई

@वाचनमात्र, टाकू अजिबात नका, ही बॅग वाचणारी आहे. आतला थर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा आहे. हवेतल्या ओलाव्याने तो विघटित होतो, आधी चिकट आणि मग भुगा. आपल्या हवामानात हे लवकर होतं. पुसून, पावडर टाकून थांबत नाही. ते अस्तर काढायलाच हवं.

बॅगेच्या तोंडाशी, जिथे अस्तर वरच्या शिवणीत गेलंय, तिथला दोरा एक-एक टाका कापून काढा. चामड्याची भोकं शाबूत राहिली पाहिजेत. अस्तर अख्खं बाहेर काढा, फाडू नका, कारण तेच तुमचं माप आहे. कागदावर ठेवून त्याची आकृती काढा, कप्पे कुठे, चेन कुठे, ते लिहून ठेवा. चामड्याच्या आतल्या बाजूला काही कण चिकटले असतील तर ते लाकडी चमच्याच्या कडेने कोरडेच खरवडा. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर नको, ते चामड्यातून आरपार जाऊन बाहेरचा रंग सोडवतं.

नवं अस्तर सुतीच घ्या. मांजरपाट, पॉपलीन, जुनी धुऊन मऊ झालेली सुती साडी, काहीही. कापण्याआधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या, म्हणजे पुढे आकसणार नाही. खणाचं अस्तर फार सुरेख दिसतं, पण लाल आणि हिरव्या खणाचा रंग जातो, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. पिशवीसारखं शिवून, उलटं करून आत बसवा आणि मेणदोरादादांनी सांगितलं तसं जुन्या भोकांतून हाताने टाका. आत कंपनीचा चामड्याचा शिक्का किंवा कप्प्याची पट्टी असेल तर ती जपून काढून नव्या अस्तरावर त्याच जागी लावा.

शिसवी

अनुमोदन. एक भर: काढलेल्या अस्तराचा बोटभर तुकडा आणि जुनं लेबल बाजूला काढून, तारीख आणि काय बदललं ते लिहून पाकिटात ठेवा. चिकट तुकडा बॅगेच्या आत मात्र ठेवू नका.

उत्तररंग

सगळेच जपायचं, हात लावू नका असं लिहिताहेत, म्हणून वेगळं मत मांडतो. माझ्याकडे बायकोची हायडिझाइनची बॅग आहे, जुनी, टॅन रंगाची. ही कंपनी १९७८ मध्ये पाँडिचेरीत सुरू झाली. कोपरे पांढरे पडलेत, पट्टा काळा झालाय. ती काही संग्रहालयात जाणार नाही, तिला ती रोज ऑफिसला न्यायची आहे. अशा बॅगेला रंग दिला तर काय बिघडलं? मोचीकाका टॅन पॉलिश लावून देतो म्हणतात.

रानजाई

@उत्तररंग, रोज वापरायच्या बॅगेला रंग द्यायला माझी हरकत नाही. पॉलिशला आहे. बुटाच्या पॉलिशमध्ये मेण, रंग आणि ते पातळ करणारं टर्पेंटाइनसारखं द्रावण असतं. बूट कशाला घासत नाही, बॅग दिवसभर कपड्याला घासते. पांढऱ्या कुर्त्यावर तो रंग उतरणारच.

कोपऱ्यांसाठी चामड्याचा अ‍ॅक्रिलिक रंग घ्या, मूळ रंगाहून एक छटा फिकट, कारण लेप सुकल्यावर गडद दिसतो. आधी तिथलं जुनं मेण किंचित ओलसर फडक्याने पुसून पूर्ण सुकू द्या. स्पंजच्या तुकड्याने अगदी पातळ थर टेकवत द्या, दोन थरांमध्ये सुकू द्या, आणि कोपऱ्यापासून बाहेर विरळ करत न्या, म्हणजे सीमारेषा दिसणार नाही. अख्खी बॅग रंगवू नका. काळा झालेला पट्टा हा हाताचा घाम आणि तेल मुरून झालेला आहे, त्यावर फिकट रंग बसत नाही. तो त्याच जाडीच्या चामड्याचा नवा करून घेणं बरं. जुना पट्टा फेकू नका.

शांतिनिकेतनीला मात्र कोपऱ्यावरसुद्धा रंग नको. तिथे प्रत्येक छटा कुणीतरी हाताने भरलेली आहे, आपण भरलेला रंग वेगळा दिसतोच.

उत्तररंग

@रानजाई, रंगाचं पटलं. पट्ट्याचं बायकोला विचारतो, तिला तोच काळा पट्टा आवडत असेल तर राहू देईन.

मेणदोरा

@उत्तररंग, पट्टा करायचा ठरला तर मुंबईत धारावीत सायन-वांद्रे लिंक रोडवर चामड्याची दुकानं आहेत. जुना पट्टा सोबत न्या, रंगापेक्षा जाडी जुळवा. चामडं चौरस फुटावर विकतात आणि अख्खं कातडं घ्यायची गरज नसते, तुकडे मिळतात. मोचीकाकांकडेच द्यायचं असेल तर कामाआधी तीन गोष्टी स्पष्ट सांगा: पॉलिश लावू नका, नवं भोक पाडू नका, खिळा ठोकू नका. सांगितलं तर ते नीट करतात, त्यांचा हात आपल्यापेक्षा कितीतरी सफाईदार असतो. आणि पैसे बुटाच्या टाक्याच्या हिशोबाने देऊ नका, हे काम वेळखाऊ आहे.

तळकोकण

पितळी कड्यांवर आणि रिवेटभोवती हिरवं मेणासारखं काहीतरी साचतं, त्याचं कुणी लिहिलं नाही. आई ते चिंचेने घासायला निघाली होती.

शिसवी

चिंच, लिंबू, पितांबरी, पितळेचं कुठलंही द्रावण चामड्याजवळ नको. आम्ल चामड्यात उतरतं आणि पूड टाक्यांत अडकून पांढरी दिसते. ते हिरवं म्हणजे पितळेतलं तांबं आणि चामड्यातली चरबी यांचा संयोग आहे, म्हणून तेल पाजलेल्या बॅगांवर ते जास्त येतं. लाकडी दातकोरणीने कोरडंच कोरून काढा, कापसाने पुसा. कडीला चमक हवीच असेल तर जुन्या प्लास्टिक फाइलचा तुकडा कापून कडीखाली सरकवा, चामडं झाका आणि कोरड्या मऊ कापडाने घासा. चमक सोन्यासारखी येणार नाही, जुन्या बॅगेला ती शोभतही नाही.

वाचनमात्र

अस्तर काढायला घेतलंय, टाके कापतेय. अजून एक विचारते, आजीची एक छोटी पर्स आहे, खवल्यांची. घरात सगळे घोरपडीची म्हणतात. तिचं बटण बसवून घ्यायचं होतं, आणि एक ओळखीच्या बाई विकत घेऊ म्हणताहेत.

शिसवी

@वाचनमात्र, विकू नका. घोरपड आणि अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांच्या कातड्याच्या वस्तूची खरेदी-विक्री गुन्हा आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी. दुरुस्तीला देण्याआधीही तिच्या मालकीची कधी नोंद झाली होती का, हे तुमच्या भागातल्या वन विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. बऱ्याचदा घोरपडीची म्हणून सांगितलेली पर्स गायीच्या चामड्यावर ठसा उठवलेली निघते. ठशात खवले ठरावीक अंतराने जसेच्या तसे परत येतात आणि खवल्याची कड उचलली जात नाही. खऱ्या कातड्यात दोन खवले तंतोतंत सारखे नसतात.

वाचनमात्र

भिंगाने बघितलं, एकसारखे आहेत, परत परत तीच रांग येते. तरी विकणार नाही. आता शेवटचा प्रश्न, आईच्या बॅगेची चेन लागते पण मागून उघडत जाते. अस्तरासोबत तीही बदलू का?

मेणदोरा

चेन बदलू नका, रनर बघा. दाते सगळे जागेवर असतील तर दोष रनरचा असतो, तो आतून झिजून सैल होतो. चेनचं टोक आता अस्तर काढल्यामुळे मोकळं असेलच. छोट्या पकडीने रनरच्या मागच्या दोन्ही कडा, आधी एक मग दुसरी, अगदी हलक्या दाबा आणि चालवून बघा. जोर दिला तर तो तुटतो. तरी लागली नाही तर नवा रनर घाला. जुन्या रनरच्या पाठीवर आकडा कोरलेला असतो, ३, ५ किंवा ८, दुकानात तोच मागा आणि दाते धातूचे आहेत की प्लास्टिकचे तेही सांगा, दोन्हींचे रनर वेगळे असतात. धातूचे दाते जड चालत असतील तर त्यांच्यावरून मेणबत्ती फिरवा, तेल नको. आणि हे सगळं नवं अस्तर टाकण्याआधी करा, नंतर चेनचं टोक परत शिवणीत जातं.